झोपायची खोली हॅकलफोर्ड गावात सामील करून घेण्याबाबत

प्रति,
मा. हद्द अधिकारी साहेब,
काउंटी कचेरी.

अर्जदार : हेडली पेथीब्रिज, वय ७४, धंदा सफरचंदाची सायडर गाळणे व चर्चच्या घंटा वाजवणे, राहणार दगडघर, हॅकलफोर्ड (गाव वादात).

विषय : अर्जदाराची झोपायची खोली नातीच्या बाळंतपणाआधी हॅकलफोर्ड गावात सामील करून घेण्याबाबत.

संदर्भ : मिस ऑडली यांनी चर्चच्या सभागृहात सर्वांसमक्ष विचारलेला प्रश्न.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की,

१. पेथीब्रिज घराणे हॅकलफोर्डात कधीपासून आहे, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. चर्चच्या आवारातले निम्मी थडगी आमच्या नावाची आहेत आणि उरलेल्या निम्म्यांशी आमचे भांडण होते. असेन्शनच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या, आधीच्या सोमवारी गावाची हद्दफेरी निघते. सारा गाव वाळुंजाच्या छड्या घेऊन हद्दीच्या दगडांना झोडपत जातो आणि दगडादगडावर एकेका पोराला उचलून त्याचे बूड आपटतो, म्हणजे आपली हद्द कुठे ते त्याच्या जन्मभर लक्षात राहावे. या फेरीचे निशाण धरण्याचा मान आमच्या घराण्याचा. निशाण धरणारा गावाच्या हद्दीत जन्मलेलाच असला पाहिजे, एवढीच अट.

२. हद्दीचा मुख्य दगड पूर्वी उघड्यावर होता आणि शेजारची टोझर मंडळी त्यावर उगाच हक्क सांगत. आमचे पणजोबा ओबेडाया यांनी यावर कोर्टकचेरी केली नाही. त्यांनी दगडाभोवती घरच बांधले आणि दगड चुलीच्या भिंतीत घेतला. तेव्हापासून फेरी आमच्या मागच्या दाराने आत येते, चुलीला छड्या मारते, आमची सायडर पिते आणि मोरीच्या खिडकीतून बाहेर पडते. टोझरांच्या दारावरून ती नुसती पुढे जाते. पणजोबा या गोष्टीवर मरेपर्यंत खूश होते.

३. मिस ऑडली या निवृत्त शिक्षिका महायुद्धाच्या आधीपासून गावात राहतात, म्हणजे नव्याच. त्या सध्या गावाचा आणि गावातल्या घराण्यांचा इतिहास लिहीत आहेत. त्यांच्याच आग्रहावरून मी सभागृहात आमच्या घराण्यावर दोन शब्द बोललो (दोन तास झाले असे लोक म्हणतात, ते खोटे आहे). टाळ्या चालू असताना बाईंनी हात वर केला आणि अगदी गोड आवाजात विचारले, "मिस्टर पेथीब्रिज, हद्द जर चुलीच्या भिंतीतून जाते, तर तुमची झोपायची खोली भिंतीच्या कुठल्या बाजूला येते?"

४. साहेब, ती पलीकडच्या बाजूला येते. स्वयंपाकघर हॅकलफोर्डात आहे. झोपायची खोली मडिकूम गावात आहे. आणि पणजोबांनंतरचा प्रत्येक पेथीब्रिज, खुद्द अर्जदारासह, त्याच खोलीत जन्मला. मडिकूम म्हणजे कोणते गाव हे साहेबांस सांगायला नको. तिथले लोक घंटा क्रमाने वाजवत नाहीत, जी दोरी हाताला लागेल ती ओढतात. मी जन्मभर त्यांना नावे ठेवली आणि जन्मलो तिथेच, असा याचा अर्थ होतो. त्या दिवशी सभागृहात सायलस टोझर हसला. तो अजून हसतोच आहे.

५. परिणामी यंदाचे निशाण टोझरकडे गेले आहे. पुस्तकातही आमची रवानगी 'मूळ घराणी' या पहिल्या प्रकरणातून 'बाहेरून आलेले' या शेवटच्या प्रकरणात झाली आहे. टोझर मला कुंपणावरून म्हणतो, "हेडली, येत जा रे अधूनमधून गावात. पाहुण्यांना आम्ही कधी नाही म्हणत नाही." साहेब, रक्तदाब वाढतो. आमच्या मंडळी डॉर्कस म्हणतात, "वाढू द्या. निदान तो तरी या गावात वाढतोय." घरातून ही अशी साथ आहे.

६. आता मुख्य अडचण. माझी नात लव्हडे बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे. नातजावई बोटीवर असतो. दिवस हद्दफेरीच्या सुमारासच भरतात. माझे जे झाले ते झाले, पण निदान येणारे पोर तरी स्वतःच्या गावात जन्माला यावे, एवढीच या म्हाताऱ्याची इच्छा आहे. मी लव्हडेला सुचवले की बाळंतपण स्वयंपाकघरात करू. ती म्हणाली, "आजोबा, मी काय पाव आहे, चुलीपाशी फुगायला ठेवायला? मी पलंगावरून हलणार नाही." तेव्हा मी पलंगच हलवायचे ठरवले.

७. पलंग पणजोबांनी खोलीतच बसून केलेला असल्याने तो दारातून येईल का, हे आजवर कोणी पाहिलेले नव्हते. मी तो उशाकडून ओढला. निम्मा आला आणि चौकटीत असा बसला की आता पुढेही जात नाही आणि मागेही जात नाही. नाइलाजाने लव्हडे त्यावरच झोपते. तिचे डोके हॅकलफोर्डात असते आणि पाय मडिकूमात. डॉर्कसला खोलीत जायचे तर पलंगावरून चढून जावे लागते, आणि दर खेपेला ती पणजोबांचे नाव घेते, ते आदराने नाही.

८. तरी मेहेरबान साहेबांस प्रार्थना की, (अ) हद्द एका खोलीच्या रुंदीइतकी पलीकडे सरकवावी. मडिकूमचे जे जाईल ते सगळे चिखलच आहे. (आ) ते न जमल्यास, परक्या देशात वकिलातीची जागा जशी स्वदेश मानतात, तशी आमची खोली निदान पोर होईपर्यंत हॅकलफोर्ड मानावी. (इ) तेही न जमल्यास साहेबांनी स्वतः येऊन दगड उचलून दाखवावा. सायडर तयार आहे.

९. हा अर्ज मी टपालाने न पाठवता बाजाराच्या दिवशी हातोहात आणून देईन. आमचे टपाल सायलस टोझरची मेहुणी मिसेस गिडली सांभाळते. तिच्याकडे किटली दिवसभर उकळत असते, पण चहा कोणाला मिळालेला नाही. पाकिटे मात्र सगळी वाफेवर उघडतात.

दिनांक : १८ मे १९५७
आपला न्यायाच्या आशेवर बसलेला,
हेडली पेथीब्रिज

पुरवणी

महोदय,

वरील अर्ज द्यायला येणे झाले नाही. आधी पाठीत उसण भरली (पलंगामुळे), आणि काल सोमवारी, ऐन हद्दफेरीच्या दिवशी सकाळी, लव्हडेला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. नर्स व्हीटनने पोरीला उचलले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की कुठल्या बाजूला? नर्स म्हणाली, "मिस्टर पेथीब्रिज, आईचं डोकं तुमच्या गावात होतं. पोरं त्या बाजूनं येत नाहीत." मी पलंग पायाकडून ओढला असता तर पोर हॅकलफोर्डात झाले असते. हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. डॉर्कसच्या आले होते. ती म्हणाली, "मी मुद्दामच बोलले नाही. तुम्ही कधी ऐकलंय?" मी परसात जाऊन बसलो आणि खरे सांगतो, साहेब, मला रडू आले.

तेवढ्यात फेरी आली. पुढे निशाण घेऊन टोझर, मागे छड्या घेतलेला सारा गाव. मला वाटले, आता हा हसणार आणि मी ह्याला विहिरीत ढकलणार. टोझरने आत डोकावून पाहिले. त्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवले आणि दारातच बूट काढले. मग सगळ्यांनीच काढले. आमच्या स्वयंपाकघरातून सारा गाव मोज्यांवर चालत गेला आणि चुलीला छडीऐवजी एकेक बोट लावत गेला. पोर उठले नाही.

शेवटी टोझर पलंगापाशी गेला. म्हणाला, "लव्हडे, जरा दे बरं तिला. घाबरू नको." त्याने डोक्यावरची टोपी काढून घडी करून चुलीतल्या दगडावर ठेवली आणि हॅकलफोर्डच्या बाजूने पोरीचे बूड त्या टोपीवर हळूच टेकवले. "झालं. पेथीब्रिजांची पोरगी, हॅकलफोर्डची. लिहा हो बाई."

मिस ऑडली वही काढून म्हणाल्या, "पण मिस्टर टोझर, जन्म तर..."

टोझर म्हणाला, "जन्मली कुठं ते नर्सला विचारा. आपटली कुठं ते आम्ही सांगतो. गाव आपटण्यावर ठरतं. ह्या हेडलीला माझ्या आजोबांनी ह्याच दगडावर आपटलाय, आणि चांगला जोरात. पार डोक्यापर्यंत गेलंय ते, दिसतंच आहे सगळ्यांना."

बाईंनी लिहून घेतले. आम्ही पहिल्या प्रकरणात परत आलो आहोत.

सबब, माझी कलम ८ मधील प्रार्थना रद्द समजावी. दगड आहे तिथेच राहू द्यावा. खोली मडिकूमात असेल तर असो. तिथले लोक घंटा वाजवायला शिकले नाहीत म्हणून खोलीला दोष देता येत नाही. पलंग अजून चौकटीतच आहे, परंतु तो आपल्या खात्याचा विषय नाही, हे मी समजतो.

एक किरकोळ बाब. टोझरची टोपी आमच्याकडे राहिली आहे. तिचा ओला उपयोग पोरीने तात्काळ केला. डॉर्कसने ती धुऊन चुलीपाशी वाळत घातली आहे. टोझरने ती येऊन न्यावी, आणि आल्यावर बसावे. गेल्या हंगामाचे चांगले पिंप मी अजून फोडलेले नाही. जन्मभराच्या भांडणानंतर हे त्याच्या तोंडावर सांगायला मला जमणार नाही. म्हणून हा अर्ज मी मुद्दामच आमच्या गावच्या टपालात टाकत आहे.

दिनांक : २८ मे १९५७
आपला, आणि आता निःसंशय हॅकलफोर्डचा,
हेडली पेथीब्रिज

सोबत : काही नाही.

ता. क. : मिसेस गिडली, निरोप आजच पोचवावा. पाकीट परत नीट चिकटवावे.