पिवळ्या कोषांचं बियाणं

३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. आ.

तुझं पत्र पोचलं. सहा वाफे कोबीसाठी चार पानं रडलास. लहानपणी झाडावरून पडलास तेव्हाही एवढा रडला नव्हतास.

सोबत डबा पाठवते. उघडल्यावर बुरसटलेला भात वाटेल, फेकू नकोस. तांदळाच्या कण्यांवर आम्ही वाढवलेली बुरशी आहे ती. पाण्यात चोळ, फडक्याने गाळ आणि ऊन उतरल्यावर फवार. बुरशी अळीच्या अंगावर पडते, कातडीतून आत रुजते आणि पाच-सहा दिवसांत अळी ताठ होऊन मरते. मग ती पांढरी होते, खडूच्या तुकड्यासारखी. तशीच पानावर राहू दे, तिच्यावरून पुढच्यांना लागण होते. माणसांना, गुरांना काही होत नाही. डबा प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावरचा आहे, विक्रीचा नाही, त्यामुळे त्याला छापील चिठ्ठी नाही. मागच्या वर्षी मागितलीस तेव्हा मी नाही म्हटलं होतं. आता हरकत नाही.

आईचे डोळे कसे आहेत? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं, आणि ही आपली रेशमाच्या किड्यांच्या ताटांवर वाकलेली. किडे सोडल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही, असं मी लिहिलं ते फार कडक झालं, कळतं मला. पण सोडले ना शेवटी. बाबांच्या माघारी चार वर्षं तिने ते सांभाळलं, पुष्कळ झालं. तिला सांग, दिवाणखान्यात पाय पसरून बस आणि शेजाऱ्यांच्या चहाड्या ऐक.

माया आहे तशी ठेव.

तुझी
ताई


१४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा भात लागू पडला. सहाव्या दिवशी पानापानावर खडू. शेजारचे शिंपीकाका बघून गेले. म्हणाले, बहीण डॉक्टर आहे म्हणतोस, पण हिचा तर एकही पेशंट वाचत नाही. उरलेलं उद्या फवारतो. कडेच्या दोन ओळी राहिल्या आहेत, तुतीच्या कुंपणाला लागून.

आई मजेत आहे. मागची खोली बंदच असते. तुझी आठवण काढते आणि लगेच तुला नावंही ठेवते, म्हणजे तब्येत चांगली आहे.

ओढ आहे ती असू दे.

तुझा
धाकटा

ता. क. चि. थोरलीस आशीर्वाद. डोळे बरे आहेत. तुझं ऐकलं हो बाई. हात रिकामे असले की दिवस लांबतो, एवढंच. आई


२४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

आधी सांगतो, मग रागाव. आईने किडे सोडले नव्हते.

तुझं ते पत्र आलं तेव्हा ती दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, सोडले म्हणून कळवून टाक, पोर तिकडे जीव टांगून बसली असेल. मी कळवलं. मागच्या खोलीत चारच ताटं ठेवली होती, उंच टेबलावर. पाला मी आणत होतो. ती खुर्चीवर बसून घालायची. खरंच वाकत नव्हती ताई.

बाबांचंच पिवळं बियाणं. अळ्या शेवटची कात टाकून बोटभर झाल्या होत्या. चार दिवसांत कोष विणायला बसल्या असत्या. परवा सकाळी आई पाला घालायला गेली आणि मला हाक मारली. पहिल्या ताटातल्या हलत नव्हत्या. संध्याकाळपर्यंत दुसरं ताट गेलं. आज चारही. आधी मऊ होत्या, मग ताठ झाल्या. पहिल्या ताटातल्या आता पांढऱ्या पडल्यात.

आई म्हणते, मला दिसत नाही आणि मी कबूल करत नाही, म्हणून झालं. ताट नीट पुसलं गेलं नसणार, ओला पाला गेला असणार. सकाळपासून हात धुते आहे. चुन्याच्या पाण्याने धुते. बोटांची सालं निघालीत.

ताई, कोबीवरच्या अळ्या आणि या, एकाच रंगाच्या आहेत. पाला मी त्याच कुंपणावरून आणला, त्याच सदऱ्यात. तू सांग की हे दुसरं काहीतरी आहे. तुला कळतं त्यातलं. लगेच लिही.

धाकटा


२७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आ.

दुसरं काही नाही. तेच आहे.

ही बुरशी माणसाला पहिल्यांदा सापडली तीच रेशमाच्या किड्यांवर. आमच्याकडे नवीन मुलगी कामाला आली की मी तिला पहिल्या दिवशी हेच शिकवते. पाकिटावरच्या छापील चिठ्ठीत पहिली ओळ तीच आहे: जवळ रेशीमपालन असेल तर वापरू नये. मागच्या वर्षी तुला नाही म्हटलं ते याचसाठी. तुला ऑफिसचा नियम वाटला असेल. या वर्षी घरात किडे नाहीत असं मी धरून चालले. म्हणून ती ओळ लिहिली नाही. एक ओळ होती.

तुझी चूक नाही. तुला माहीत असायचं कारण नव्हतं.

काही उरलं आहे का ते बघ. एखादा कोष, कागदाला चिकटलेली अंडी, बाबांच्या कपाटात, खणात, कुठेही. सव्वीस वर्षं दरसाल चांगले कोष बाजूला काढून, त्यांतून पतंग निघू देऊन, त्यांची अंडी पुढच्या हंगामाला धरायची, असं ते चाललं होतं. बाकी सगळीकडे आता पांढरेच कोष आहेत. किडे सोडले म्हणून तू कळवलंस तेव्हा पिवळं बियाणं संपलं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला बरं वाटलं होतं.

आईला मी लिहिते.

ताई


३१ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

काही उरलेलं नाही. कपाट पाहिलं, खण पाहिले, गादीखालीसुद्धा पाहिलं. अंडी सगळी याच खेपेला उबवली होती. आईने ताटं अंगणात जाळली. मला हात लावू दिला नाही.

आईला लिहू नकोस, पाया पडतो. आता तिला वाटतं की डोळ्यांनी दगा दिला. खरं कळलं तर म्हणेल, मी खोटं बोलले नसते तर पोरीने डबा पाठवलाच नसता. ते तिला डोळ्यांपेक्षा जड जाईल. थोडे दिवस जाऊ देत. हातांना मी तेल लावून देतो आहे.

काल तिने चष्मा काढून माझ्याकडे दिला. म्हणाली, ठेव कुठेतरी, मला लागत नाही आता.

धाकटा


३ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

धाकट्याने सगळं कळवलं. तो तुला सांगू नकोस म्हणतो. त्याच्यावर रागावू नकोस.

ताट स्वच्छ होतं. पाला ओला नव्हता. तुझ्या डोळ्यांनी काही केलं नाही. कोबीसाठी मी जो डबा पाठवला त्यात बुरशी होती, आणि ती रेशमाच्या किड्यांना मारते. हे मला माहीत होतं. किडे असताना पाठवू नये हेही माहीत होतं. घरात ते नाहीत असं मला वाटलं, कारण असू नयेत असं मीच लिहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात मला रजा मिळते. येऊ का? हात धुऊ नकोस.

थोरली


१२ नोव्हेंबर

चि. थोरलीस अ. आ.

तुझं पत्र धाकटा वाचून दाखवतो म्हणत होता. मी नको म्हटलं. चष्मा परत मागून घेतला आणि स्वतः वाचलं. दोन दिवस लागले.

खोटं मी बोलले. तेवढं माझं. बाकीचं तुझं तुझ्याजवळ ठेव, मी वाटून घ्यायला येणार नाही. हात धुणं थांबवलं आहे. धाकटा दिवसातून चारदा माझी बोटं बघतो, जसा काही हाच माझा बाप. कोबी काढून झाला. मी खाल्ला नाही. तो खातो, खाऊ दे.

एक विचारायचं आहे. तू एवढी वर्षं हेच काम करतेस, तुला ठाऊक असेल. शेवटच्या दिवशी त्या पाला खात नव्हत्या. डोकी वर उचलून इकडेतिकडे करत होत्या. कोष विणायला जागा शोधतात तेव्हा अशाच करतात, म्हणून मला आनंद झाला. चार दिवस आधीच बसतात की काय, असं वाटलं. मी त्यांच्याशी बोलले. ती बुरशी आत शिरते तेव्हा त्यांना कळतं का? दुखतं का?

ये म्हणून या पत्रात लिहीत नाही. आधी याचं उत्तर लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसं मी तुला चार महिने लिहीत होते.

लोभ आहे. तो जाणार कुठे.

आई