बैठकीला समोरचा पक्षच नव्हता

सौ. कमळबाय हिला धाकट्या लडकूचा नमस्कार पोचावा. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि तुमची गाभण म्हैस, सगळ्यांची खुशाली कळव. (म्हशीची आधी कळव, मागच्या वेळीही तू ते गिळलंस.) फोन सोडून मी पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. आपल्या घरात स्पीकर लावल्याशिवाय कोणी फोनवर बोलत नाही, आणि हे सगळ्यांसमोर बोलायचं नाही. असं काही असतं, हे मलाही नुकतंच कळलंय.

झालं असं की माझ्या रंजिताच्या मुरबाडच्या कॉलेजातून एका मॅडमचा फोन आला. पोर कोरा पेपर देऊन आली, वर्गात रडली, घरचे येऊन भेटा. या मॅडमचं काम समुपदेशनाचं, म्हणजे पोरांच्या मनातलं ऐकून घ्यायचं. (याचा पगार मिळतो, बाय.) रंजिता कित्येक दिवस अर्धी भाकरी टाकून उठत होती, हे मलाही दिसत होतं. मी रोज विचारायचो. तिची आई विचारायची, रंगूकाका विचारायचा, शेजारची बुधी तर कुंपणावरून विचारायची. ती 'काय नाय' म्हणायची आणि आम्ही पुन्हा विचारायचो. आता पोर रडते आणि कॉलेजातून बोलावणं येतं, म्हणजे कोणीतरी मुलगा असणार, हे उघडच होतं. असल्या बोलण्याला एकट्याने जायची आपल्यात रीत नाही. म्हणून भाविकची जीप सांगितली, भावकी भरली, बोलायला पटाईत म्हणून मंगळ्याबाबाला पुढे बसवलं आणि लागला तर असावा म्हणून नारळ घेतला.

मॅडमच्या खोलीत खुर्च्या मोजक्याच आणि टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा. बसता आलं ते बसले, बाकीचे दारात. मंगळ्याबाबाने खाकरून विचारलं, "समोरची मंडळी कुठं हायेत?" मॅडम म्हणाल्या, समोरचं कोणी नाही. मुलगा नाही, भांडण नाही. रंजिताला झोप लागत नाही आणि पुस्तक उघडलं की तिच्या छातीत धडधडतं. खरं सांगू का, बाय, मुलगा असता तर बरं झालं असतं. त्याच्या बापाला चार शब्द सुनावून मोकळे झालो असतो. आता सुनावायचं कोणाला?

मग मॅडम म्हणाल्या, रंजिताची हरकत नाही, तर मी तुमच्यातल्या एकेकाशी वेगळं बोलते, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. मंगळ्याबाबाने लगेच शब्द दिला, "नाय जाणार. भावकी सोडून कुणाला नाय कळणार." भावकीलाही नाही, असं मॅडमनी सांगितलं आणि तिथून आपल्या घराचं बिनसलं. आपला रंगू बैलांशी सोडून कोणाशी बोलत नाही, तो आत गेला तो येईचना. आला तो डोळे लाल. विचारलं तर म्हणतो, "नाय सांगणार, दादा. आतलं आतच ऱ्हावं." रंजिताची आई चक्क हसत बाहेर आली. ही बाई मला शेजारणीच्या कोंबडीने अंडं घातल्याचंही सांगते, आणि आता जीपच्या खिडकीतून बाहेर बघते. भाविक तर नुसता ड्रायव्हर, तोही आत जाऊन आला!

मीही गेलो. मॅडमनी विचारलं, तुम्हाला कसं वाटतं? मी रंजिताचं सांगू लागलो. त्या म्हणाल्या, तिचं नाही, तुमचं सांगा. मी नाचणीचं सांगितलं. (यंदा कणसं बरी आहेत.) मग मी गप्प, त्याही गप्प. सल्ला नाही, औषध नाही, साधा अंगारासुद्धा नाही. आलो बाहेर. आता घरात कोणी कोणाला काही विचारत नाही, नुसतं भाकरी मोडल्याचं ऐकू येतं. रंजिता मात्र ओटीवर येऊन बसायला लागलीय. ते मॅडममुळे की आम्ही गप्प बसलो म्हणून, माझं डोकं काही चालत नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
लडकू

ता. क. मॅडम गुरुवारी पुन्हा बसतात. तू आत्या म्हणून आत जा आणि रंजिता माझ्याबद्दल काय म्हणाली तेवढं काढून आण.

ता. क. दुसरा. जाऊ नकोस. मी आत गप्प बसलो असं वर लिहिलंय, ते खोटं. मी रडलो, बाय. पोर हातची जाईल अशी भीती वाटते मला. तेव्हा मॅडमनी रंजितालाही आत बोलावलं. ती म्हणाली, "बाबा, सगली ईचारतात नोकरी कधी लागंल. मी नापास झाले तर तुमी काय कराल?" मी म्हणालो, "काय करनार? जीपमधी घालून घरी नेन." यावर ती इतकी रडली की मी काय चुकीचं बोललो तेच मला कळेना. मॅडम म्हणाल्या, काही चुकलं नाही. (हे आतलं आहे. वाचून चुलीत घाल.)

ता. क. तिसरा, आणि याच्यासाठीच पत्र. रंजिता काही दिवस तुझ्याकडे यायचं म्हणते. आत्याकडे कुंपणावरूनसुद्धा कोणी काही विचारत नाही, म्हणते. भाविक तिला रविवारी आणून सोडेल. तूही विचारू नकोस. आपणहून काही बोललीच, तर मला कळवू नकोस. फक्त पोटभर जेवली की एक मिस्ड कॉल दे. आमच्यातलं कोणी उचलणार नाही.