आई त्या दुपारी काय बोलली

॥ श्री ॥
चिंचणी, १८ जुलै १९६६

चि. दिनूस मंदाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. अहमदाबादेच्या व्यवस्थापनाच्या शाळेत सगळे मोठ्या घरचे, फडाफडा इंग्रजी बोलणारे, म्हणून तू कोपऱ्यात एकटा जेवतोस, हे ऐकून बाबा हसले. म्हणाले, धंदा म्हणजे आधी माणसं. त्याला लिही, रोज नव्या माणसाशेजारी जेवायला बस. आईने नारळाच्या वड्या पाठवल्या आहेत. एकट्याने संपवल्यास तर पोट दुखेल. बाबांचा खोकला अजून हटत नाही, पण वाडीत भाजी बघायला जायचे थांबत नाहीत.

तिकडच्या गर्दीत आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
मंदा

अहमदाबाद, १४ ऑगस्ट १९६६

ती. मंदाताईस शि. सा. न. वि. वि.

बाबांचे ऐकले. वड्यांचा डबा घेऊन भीत भीत दारे वाजवली. वामन साताऱ्याचा, हिशेबात तरबेज. हरभजन दिल्लीचा सरदार, त्याला सगळे ओळखतात. आता आम्ही तिघे एकत्र अभ्यास करतो. वर्गात मी पहिल्यांदा तोंड उघडले तेव्हा हरभजनने मागून बाक वाजवला. तारापूरला वीजकेंद्र उभे राहते आहे, तिथल्या वस्तीला भाजी-फळे पुरवायचा बेत आम्ही आखलाय. दिवाळीत दोघांना घेऊन येतो. बेतातल्या चुका बाबांनीच काढाव्यात.

आईबाबांस साष्टांग नमस्कार. तुझे रागावणे असेच चालू राहो.

तुझा,
दिनानाथ

चिंचणी, ४ ऑक्टोबर १९६६

चि. दिनूस आशीर्वाद.

बाबांचे तेरावे झाल्यावर तू भगवंतकाकांना सांगून गेलास की शिक्षण पुरे, फक्त ट्रंक घेऊन येतो. म्हणून घाईने लिहिते. बाबा गेल्याची तार मिळताच तुझे दोन्ही मित्र तुझ्याबरोबर आले. तू किनाऱ्यावर क्रियेत होतास, तुला दिसले नसेल. वामन आल्यागेल्याचे बघत होता. हरभजन माजघरात आईपाशी जाऊन बसला. आईने तोवर तोंड उघडले नव्हते. ती त्याला बाबांबद्दल सांगत सुटली, सगळी दुपार, आपल्या बोलीत. त्याला एक अक्षर कळत नव्हते. तो मान हलवत होता. मी हिंदीत सांगायला गेले तर आई म्हणाली, तू नाय बोलू, त्याला सगळं समजतं हाय.

वाडी मी आणि काका बघू. शाळेतली नोकरी सांभाळून जमेल. बाबांनी तुला माणसे जोडायला सांगितले होते. जोडलेली सोडून ये, असे नव्हते सांगितले.

आई विचारते, सरदार नीट पोचला का.

तुझी,
मंदा

अहमदाबाद, ११ ऑक्टोबर १९६६

ती. मंदाताईस शि. सा. न. वि. वि.

हरभजन सुखरूप आहे, आईला सांग. काल त्याला विचारले, कळत नसताना इतका वेळ कसा बसलास. म्हणाला, त्याचे वडील फाळणीच्या दंगलीत गेले. त्याची आई त्यांच्याबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही. म्हणाला, कुणाची तरी आई बोलत होती, म्हणून बसलो.

मग त्याने मला विचारले, ती काय सांगत होती. मी तेव्हा किनाऱ्यावर पिंडापाशी होतो.

ताई, आईजवळ बस आणि तिने सांगितलेले सगळे लिहून पाठव. मी त्याला हिंदीत सांगेन. मलाही ऐकायचे आहे.

पत्र इथल्याच पत्त्यावर घाल.

तुम्हा दोघींचा,
दिनू