दर्यापूरच्या बाईचे नारिंगी तळवे

अकोला. रविवार, मे १९६३

दर्यापूरचे लोक आज मला पाहून गेले. डोळ्यासमोरून मुलाच्या थोरल्या बहिणीचे ते नारिंगी तळवे जात नाहीत. पोहे खाऊन झाल्यावर बाईने माझ्या मनगटाशेजारी आपलं मनगट धरलं, रंग ताडून पाहिला आणि नाक मुरडलं. मग पिशवीतून विलायती बाटली काढली. वर गोरी मड्डम.

"हे रोज लाव. लग्नापर्यंत उजळशीन. आमच्या भाऊनं मुंबईहून आणलं, मी दिवाळीपासून लावून राहिली."

मी बाटली फिरवून मागचं इंग्रजी वाचलं. उन्हात न बसता गोरी कातडी सावळी करायचं लोशन. म्हणजे ते तळवे... आणि ही माझा रंग काढते?

बाटली तिच्या नारिंगी तळव्यावर परत ठेवली. "तुमीच ठेवा, ताई. तुमाले लागंल."

तेव्हापासून आई विचारून राहिली आहे, "इतकं चांगलं स्थळ, काहून नाही म्हनते वं?"

काय सांगू हिला? रंगाचं बोलणं एक वेळ गिळलं असतं. पण बाटली आणणारा तो भाऊ, म्हणजे ज्याच्यासाठी मला पाहिलं तो नवरा मुलगा, हायस्कुलात इंग्रजी शिकवतो.