कडीवरचा हात

पोलादपूर, मंगळवार, संध्याकाळ

सातवीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो नाद अजून कानात आहे. हल्ली मात्र त्याच कानात रहस्यकथेतल्या खुन्याची पावलं वाजतात. जन्मभर कविता शिकवली, आणि म्हातारपणी एका रहस्यकथाकाराचं हे वेड!

पाय मुरगळून खाटेला खिळलोय. त्यात सूनबाईने त्याची अर्धी वाचलेली कादंबरी कपाटात कुलूपबंद केली. "नाना, तुमचं बीपी वाढतं." नेमका खुन्याचा हात दाराच्या कडीवर होता. कोणाचा हात? डॉक्टरचा? की सख्ख्या भावाचा? दिवसभर ती कडी डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता आमचीच कडी वाजली. न कळवता कुडपणहून विहीणबाई! उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "लेकीनं सांगितलं. ती कादंबरी मी वाचलीय, नाना. जिवाला घोर नको, खुनी कोण हाय ते मी सांगते."

त्या पाय धुताहेत, तोवर हे लिहितोय. विहिणीला गप्प बसा कसं म्हणायचं?