जावयाच्या खिशातली पक्कड

भद्रावती,
९ जानेवारी २०२५

चि. हर्षा हिला,
बाबांचा आशीर्वाद आणि तुम्हा दोघांना जय भीम. तुझ्या मामाजींना, चैतूभाऊंना, व्याह्याचा जय सेवा सांग.

सोबतच्या डब्यावर छापलेली किंमत वाचू नको, ती दुकानदाराची. मले खरी पडली ती अशी: चंद्रपूरच्या दोन फेऱ्या, एक दिवस दुकानाचं शटर खाली आणि तुझ्या आईचं बोलणं. ती म्हणे, जावयाची अंगठी घेताना एवढा वेळ लावला नव्हता. खरंच आहे. अंगठीनं पोट भरत नाई.

याले मल्टिटूल म्हणतात. आम्ही दुकानात घडीची पक्कड म्हणतो. बाजारात ढीग पडला आहे. कशात बाटली उघडायचं, कशात नखं घासायचं, आणि पक्कडीची तोंडं मात्र जुळत नाहीत. उजेडाकडे धरली की मधून आरपार दिसतं. ती तार काय धरणार? हिची तोंडं टोकापर्यंत मिळतात. तार तोडते, स्क्रू पिळते, खिसा ओढत नाही. आणि पातं उघडलं की कुलूप बसतं, बोटांवर मिटत नाही. त्याचा आवाज ऐक, कटकन बोलते. आवाजावरून मोटरचं बेअरिंग ओळखणारा माणूस आहे मी, हा कान फसत नाही.

पंप वर ओढताना साखळी सुटली तेव्हापासून दिनेशबाबूंचा उजवा पंजा कामाचा राहिला नाही. म्हणून मी चंद्रपूरच्या भर दुकानात उजवा हात रुमालानं कमरेशी बांधला आणि एकेक पक्कड डाव्या हातानं उघडून पाहिली. लोक हसले. हसू दे.

दवाखान्यात पडद्यापलीकडं मी जेवणाचा डबा घेऊन उभा होतो. ते तुले सांगत होते की सोलर पंपाचं काम एकट्यानं जमलं तर करीन, पण कोणाले हात मागून करणार नाई. बोटं गेली त्याहून ते बोलणं मले जड गेलं. ठेकेदारानं त्यांची पंपदुरुस्तीची गावांची फेरी जानेवारी सरेपर्यंत राखली आहे ना? मग ऐक. ही पक्कड खिशात गेली की ती फेरी कोणाच्या बापाले मिळत नाई. या देवाजीनं लिहून दिलं.

आईनं जवसाची चटणी दिली आहे. माया आहे तशीच राहू द्या.
तुझे बाबा

कोंडेटोला, ता. अहेरी,
२० जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सविनय जय भीम. इथं फोन अजून लागत नाही, म्हणून तुमच्या ओळखीच्या कंडक्टरभाऊंजवळ पत्रच देते.

पक्कड पाहून दिनेश कितीतरी दिवसांनी हसला. उघडून उघडून मामाजींना दाखवत होता. मामाजी म्हणाले, देवाजीभाऊनं पोरगी देतानाही एवढी पारख केली नव्हती. मी रागानं पाहिलं, तर म्हणे, पोरगी आम्हीच पारखून आणली.

गुरुवारी तो एकटा निघाला. गाडी चालवता येत नाही, म्हणून जंगलातल्या वाटेनं पायीच. पुढच्या गावात माकडांनी पॅनेलची तार तोडली होती. त्यानं ती दातात धरून पात्यानं सोलली, जोडली, आणि टाकीत पाणी पडायला लागलं. गावानं त्याला चहा पाजला.

दिवस बुडताना परत आला तेव्हा हातात पक्कड होती आणि पातं उघडं होतं. मी विचारलं काय झालं. त्यानं नुसता हात पुढं केला.

बाबा, ती एका हातानं उघडते, पण बंद होत नाही. एका हातानं कुलूप दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं पातं मिटवायचं, अशी ती आहे. मांडीला टेकवून त्यानं पाहिलं, तर पँट फाटली आणि मांडीला लागलं. रात्री त्यानं सांगितलं, वाटेत सरपणाच्या बाया भेटल्या. पातं पाहून त्या वाट सोडून झाडीत उभ्या राहिल्या. त्यात रुखमाकाकी होती, जिनं त्याला कडेवर वाढवलं. तिनं विचारलं, बाबू, कोणावर निघालास रे? काकी, एवढं बंद करून दे, इतकंच म्हणायचं होतं. तेवढं त्याच्यानं म्हणवलं नाही.

मी मिटवून ती खुंटीला अडकवली आहे. काल तो मामाजींबरोबर अहेरीच्या बाजाराला गेला होता. आल्यापासून खुंटीकडे पाहत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आईला सांभाळा, आम्हाला आठवत राहा.
तुमची हर्षा

भद्रावती,
२७ जानेवारी २०२५

चि. हर्षा हिला,
आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यात खाली बसलो. मी एकेक पक्कड उघडत होतो, मग मिटत कोण होतं? काउंटरवाला. मी हात पुढं करायचो, तो घ्यायचा, मिटून ठेवायचा, दुसरी द्यायचा. माझ्या दुकानातही तसंच चालते. मी हत्यार वापरतो आणि न पाहता हात मागं करतो, कोणीतरी घेते. पुढं त्याचं काय होते, मले ठाऊकच नाई. मालकी अंगात भिनली ती अशी, आणि भोगली माझ्या जावयानं.

काल पुन्हा चंद्रपूरले गेलो. हात बांधला आणि काउंटरवाल्याले सांगितलं, तू लांब उभा राह्य, हात लावशील तर याद राख. सोबत दुसरी पाठवतो, हिचा आवाज फुसका आहे, माझ्या कानाले काही पटली नाही. पण अंगठ्यानं बटण मागं ओढून पात्याची पाठ मांडीवर दाबली की ते आत जाते. येताना बसमध्ये सारखी उघडत-मिटत होतो. शेजारचा माणूस उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

महिना सरायला अजून दिवस आहेत. कंडक्टरले हात जोडून सांगितलं आहे, लवकर पोचव. दिनेशबाबूंना म्हणावं, माझ्यावर हसा, रागवा, पण उद्याच निघा.

चुकलेल्या म्हाताऱ्यावर राग धरू नका.
तुझे बाबा

कोंडेटोला,
५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
सविनय जय भीम.

दुसरी पक्कड तीस तारखेला मिळाली. ती मिटते. दिनेश दाराशी बसून उघडत होता, मिटत होता. तुमच्या कानाला आवाज पटला नाही म्हणता, पण मला चुलीपाशी तो फार गोड लागला. मी म्हटलं, उद्या भाकर बांधून देते.

मामाजी उठून बाहेर गेले. मग त्यांनी मला अंगणात बोलावलं. बाजाराच्या दिवशी दिनेश अहेरीत ठेकेदाराकडे जाऊन सांगून आला होता की फेरी दुसऱ्याला द्या. मामाजी सोबत होते. हर्षाला सांगायचं नाही, अशी त्यानं त्यांना गळ घातली होती.

मी आत येऊन दिनेशला म्हटलं, अजून एक दिवस आहे, पुन्हा जाऊन विचारू. तो म्हणाला, टाकलेलं काम परत मागणं म्हणजे हात पसरणंच झालं.

तो तुमच्यावर रागावलेला नाही. पक्कड चांगली आहे, असं मुद्दाम लिहायला लावलं. रोज सकाळी अंघोळ करून ती खिशात घालतो आणि दिवसभर ओसरीवर बसतो. आईला घेऊन या एकदा. लवकर या.

तुमच्या मायेची वाट पाहणारी,
हर्षा

ता. क. फेरी मुलचेऱ्याच्या एका माणसाला मिळाली. एक तारखेपासून तो येतो.