घरी सगळे बरे ना?

मुलुंड, रविवार, १६ जून १९५७

कौलं उतरवल्याचा तो खडखडाट आज पुन्हा कानात घुमला. मी लहान असताना प्लेगात सरकारी माणसांनी आमच्या घराचं छप्पर उघडं करून थोरल्या बहिणीला इस्पितळात नेलं होतं. ती परतली नाही.

संध्याकाळी वाचनालयात फ्ल्यूच्या साथीवर विद्वानांची चर्चा होती. इतिहासाच्या प्राध्यापकांनी प्लेगचा विषय काढला. मग आमच्या वरच्या मजल्यावरचे, अर्थशास्त्र शिकवणारे कामत उठले. "आजारी माणूस लपवणारा देशाचं नुकसान करतो!" माझ्याकडे बघूनच म्हणाले. की मला तसं वाटलं? निघताना चर्चेला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, घरी सगळे बरे ना?" मलाच का? मी म्हटलं, "ठणठणीत!"

इथे ही तापाने फणफणली आहे. कपाळावर पट्ट्या ठेवत शाळेतली कविता म्हणतोय, तर म्हणते, "अहो, चाल तरी नीट लावा." पण 'घरी सगळे बरे ना' डोक्यातून जात नाही. हिचा खोकला वर ऐकू जातो. कामतांनीच सांगितलं असणार. हिला मी नेऊ देणार नाही.

आत्ता दार वाजलं. दारात कामत, शाल गुंडाळून कुडकुडत.

"काका, थर्मामीटर आहे का? आणि हळू बोला हो, माझ्याबरोबर चालत आलेले ते डॉक्टर अजून खालीच उभे आहेत."